कृष्णाबाईंची नॉर्वेजियन

कृष्णाबाईंनी माझ्याच ओटीवर बसून मला खोटारडा म्हटलं, ते अठ्ठ्याऐंशी सालच्या चैत्रात. मी पेणला निवृत्त होऊन बसलेला मास्तर. छत्तीस वर्षं मुलं घडवली असं मी सांगतो. सुनीती, म्हणजे माझी बायको, "घडवली कसली, पिडली" असं सांगते. खडूस, तिरसट, छळवादी हे सगळं मी ऐकून घेतलेलं आहे. खोटारडा मात्र कोणी म्हटलं नव्हतं. आणि पंचाईत अशी, की बाई खरं बोलत होत्या.

कोलाडच्या अलीकडे रोह्याच्या बाजूला एक वाडी आहे. तिथल्या शाळेत मी नऊ वर्षं होतो. कृष्णाबाईंचा एकुलता एक मुलगा पुंडलिक माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकला. घरची भातशेती, भात कापलं की त्याच जमिनीत वाल. पुंडलिक त्यात रमला नाही. मुंबईला जाऊन फिटर झाला, तिथून बोटीवर गेला. बोट नॉर्वेच्या कंपनीची. एकदा ती दुरुस्तीसाठी त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात चार महिने अडकली, आणि आमचा हा पोरगा तिथल्या इंगुन नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. ब्याऐंशीत त्यांना मुलगी झाली, कारी. चौऱ्याऐंशीत बोटीच्या इंजिनघरात अपघात झाला आणि पुंडलिक गेला. त्याला अग्नीही तिकडेच दिला. कृष्णाबाईंचे यजमान हैबतराव आधीच गेले होते. म्हणजे बाईंना उरली ती सातासमुद्रापलीकडची एक नात, जिला त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं.

इंगुन दर दोन-तीन महिन्यांनी इंग्रजीत पत्र लिहायची. कृष्णाबाई ते घेऊन एसटीने पेणला यायच्या. मी मराठीत वाचून दाखवायचो, त्या उत्तर सांगायच्या, मी ते इंग्रजीत लिहायचो. चार वर्षं हे चाललं होतं आणि आपण मोठं पुण्याचं काम करतो आहोत अशा थाटात मी वावरत होतो.

त्या दिवशी आलेलं पत्र मी नेहमीप्रमाणे न थांबता वाचत सुटलो. इंगुनने लिहिलं होतं, "कारी रोज विचारते, पप्पा लहानपणी कसा होता? मला ते ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही कधीच लिहीत नाही. एक तरी गोष्ट लिहा."

तिथे मी वाचायचा थांबलो.

"आवो, पन म्या तर सांगितलं," कृष्णाबाई म्हणाल्या. "गेल्या टायमाला पुंडल्या पान्याला कसा भ्यायचा ते सांगितलं. दहा वर्साचा होईस्तोवर नदीत पाय टाकला नाय, ते सांगितलं. रडले म्या हितं बसून. तुमी काय लिव्हलंत मंग?"

खोटं बोलायची सोय नव्हती. सुनीती दारात उभी होती. मी सांगितलं. मी लिहिलं होतं: 'पुंडलिक लहानपणी चांगला मुलगा होता. यंदा पाऊस समाधानकारक आहे.'

"घरगुती गोष्टी पत्रात शोभत नाहीत, कृष्णाबाई. पत्राला एक शिस्त असते."

"तुमी माजं बोलनं कापलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "चार वर्सं कापलंत. खोटारडं काम केलंत, गुरुजी."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माजी नात तिकडं इंग्रजीच बोलते का?"

"नाही. नॉर्वेजियन."

"ती मला शिकवा."

मी हसलो. म्हटलं, "मलाच येत नाही ती."

"मंग आधी तुमी शिका," असं म्हणून त्या उठल्या आणि एसटी गाठायला गेल्या. नातीला तिच्या बापाची गोष्ट आपल्या तोंडाने, तिच्या भाषेत सांगायची, मधे कोणी नको. त्रेसष्टाव्या वर्षी बाईंनी हे ठरवलं ते ठरवलं.

मी इंगुनला पत्र लिहिलं, या खेपेला काही न कापता. दीड महिन्याने एक जाड पुस्तक आणि सहा कॅसेटी आल्या. सुनीतीची भजनं ज्या टेपरेकॉर्डरवर लागायची त्यावर आता एक गृहस्थ घसा साफ करून "यै, दू, हान, हुन" म्हणू लागला. मी, तू, तो, ती. मी चार दिवस आधी धडा पाठ करायचो आणि बुधवारी कृष्णाबाईंना शिकवायचो. एका धड्याने पुढे असलेला मास्तर, यापलीकडे माझी लायकी नव्हती. पण मास्तरकीची खुमखुमी जात नाही. उच्चार चुकला की मी पट्टी आपटायचो. त्या माझ्याकडे बघत आणि तोच शब्द पुन्हा म्हणत, बरोबर येईपर्यंत.

त्यांना पहिल्यांदा आवडलेला शब्द होता 'फारमूर'. फार म्हणजे बाप, मूर म्हणजे आई; फारमूर म्हणजे बापाची आई. आईची आई असेल तर मूरमूर.

"हे ब्येस हाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "आपल्यात दोगी बी आजीच. त्यांच्यात कोन कुनाची ते लगेच समजतं. म्या फारमूर."

जुलैत एका बुधवारी नागोठण्याला आंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाड्या अडकल्या. मला, खरं सांगतो, सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला. गुरुवारी सकाळी आठ वाजता दारात कृष्णाबाई. लुगडं कमरेपर्यंत ओलं, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं. वडखळपर्यंत कुठल्याशा ट्रकमधून आल्या होत्या.

"कालचा धडा ऱ्हायला," म्हणाल्या.

सुनीतीने त्यांना आधी चहा दिला आणि मला सुनावलं, "बघा, तुमच्या छत्तीस वर्षांत असा एक विद्यार्थी भेटला होता का?"

त्यांचा अभ्यास चाले तो लावणीत. बायका ओळीने वाकून रोपं लावतात, मागे मागे सरकतात, तेव्हा तोंड मोकळं असतं. कृष्णाबाई एक शब्द म्हणायच्या आणि सगळी ओळ तो झेलायची. मी एकदा कोलाडला कामासाठी गेलो असताना बांधावर उभा राहून हे ऐकलं. चिखलात गुडघाभर उभ्या बारा बायका सुरात "एन, तू, त्रे, फीरे" म्हणत एक-एक रोप खोचत होत्या. त्यांतल्या हौसाने मला ओळखलं आणि ओरडून विचारलं, "गुरुजी, बरूबर हाय नव्हं?" बरोबर होतं. माझ्या 'फीरे'पेक्षा तिचा चांगला होता, ते मी बोललो नाही.

दिवाळीच्या सुमारास इंगुनकडून आणखी एक कॅसेट आली. तीत कारी बोलली होती. सहा वर्षांची मुलगी, पहिल्यांदाच आजीशी बोलत होती. कृष्णाबाई पदर सावरून टेपरेकॉर्डरसमोर अशा बसल्या, जशी ती पोर त्यातून बाहेरच येणार होती. मी बटण दाबलं.

एक अक्षर कळलं नाही. मला नाही, त्यांना नाही. 'यै'च्या जागी ती 'एग' म्हणत होती. नाही म्हणायला पुस्तकात 'इक्के', ही म्हणे 'इश्ये'. काय, का, कसं हे सगळे प्रश्न वेगळे. शिवाय मधेच ती श्वास आत ओढत 'या' म्हणायची, म्हणजे हो. सुनीतीला वाटलं, पोरीला दमा आहे.

कृष्णाबाईंचा चेहरा पडला. सहा महिने एसटीचे धक्के खाऊन, चिखलात पाठांतर करून, आणि नातीचं एक वाक्य कळू नये! मला मात्र यात काहीच कोडं वाटलं नाही. मी छत्तीस वर्षं हेच बघत आलो होतो. घरात कोणी लक्ष देत नाही आणि मूल अशुद्ध बोलायला लागतं. मी त्याच दुपारी इंगुनला पत्र लिहिलं. कारीचं बोलणं गोड आहे, पण शुद्ध नाही. सोबत पस्तीस चुकांची यादी जोडत आहे. पुस्तकातली रूपं समोर लिहिली आहेत. रोज पाच घोकून घ्यावीत. खाली सही ठोकली. नॉर्वेच्या पोरीला पेणच्या मास्तराने नॉर्वेजियन शुद्धलेखनाची यादी पाठवली! आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

इंगुनचं उत्तर सौम्य होतं, हे तिचे उपकार. तिने लिहिलं होतं: आमच्याकडे असं एक शुद्ध बोलणं नाही. प्रत्येक खोऱ्यात वेगळं बोलतात आणि कुठेही गेलं तरी माणूस आपल्या गावासारखंच बोलतो. शिक्षक वर्गात तसं बोलतात, मंत्री संसदेत तसं बोलतात, रेडिओवरही तसं ऐकू येतं. लिहायच्यासुद्धा दोन रीती आहेत, दोन्ही सरकारमान्य. तुमच्याकडचं पुस्तक एका रीतीचं, कारीची शाळा दुसऱ्या रीतीची. मुलाच्या बोलीला चूक म्हणणं आमच्या शाळेत चालत नाही. चुकीचं पुस्तक पाठवलं हा माझाच दोष, आमच्या दुकानात परदेशी माणसांसाठी तेवढंच मिळतं.

त्याच पत्रात एक गोष्ट आणखी होती. कारीचं नाव आजीला न विचारता परस्पर ठेवलं, हा कृष्णाबाईंच्या मनातला जुना सल. मी तो मागच्या पत्रात कळवला होता. इंगुनने खुलासा केला होता की त्यांच्यात नातवंडाला आजी-आजोबांचं नाव देतात, कधी पूर्ण, कधी नुसतं पहिलं अक्षर घेऊन. पुंडलिकनेच सांगितलं होतं, अक्षर माझ्या आईचं घे, कृष्णातला 'क'.

"माजं नाव? म्या जिती असताना?" कृष्णाबाईंनी डोळे मोठे केले. आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात. "येडा," मग म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

मी ते बोलीचं प्रकरण चटकन उरकायच्या बेतात होतो. बाईंनी उरकू दिलं नाही.

"मंजे त्यांच्यात मंत्री पन आपल्या गावासारका बोलतो?"

"असं ती लिहिते खरी."

"आन् गुरुजी पन?"

"हं."

"कोन मारत नाय?"

मी चष्मा पुसायला घेतला. त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं होतं. पुंडलिक चौथीत होता. दिपोटी साहेब तपासणीला यायचे होते आणि हा पोरगा वाचताना 'नाही'च्या जागी 'नाय' आणि 'होय'च्या जागी 'व्हय' म्हणायचा. मी सात दिवस रोज हातावर छडी दिली. मला ते लक्षात राहण्याचं काही कारण नव्हतं, तसे पुष्कळ होते.

"आठ दिस घरात बोलला नाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "मंग बोलायला लागला तो तुमच्यासारका. बाप हसला त्याला. मंग तसं पन बोलंना. माज्याशी बोलायला लाजायचा माजा ल्योक. मुंबैसून पत्र यायचं ते दोन वळीचं. माजं पोर घरातल्या घरात मुकं झालं, गुरुजी."

पंचवीस वर्षं ही बाई मला ओळखत होती, चार वर्षं माझ्या ओटीवर येत होती, मला कोवळ्या वालाच्या शेंगा आणून देत होती, आणि हे तिने पोटात ठेवलं होतं. मला राग आला, तिचा नव्हे, पण कोणाचा ते त्या वेळी मी ठरवलं नाही.

पुढच्या बुधवारी त्या पुस्तक न घेता आल्या. "ह्ये ऱ्हाऊ द्या. पोरीची कॅसेट लावा." इंगुन कॅसेटी पाठवत राहिली, कारी त्यांत शाळेतलं, मांजराचं, बर्फाचं सांगत राहिली, आणि कृष्णाबाई एकेक वाक्य शंभरदा ऐकून तिच्यासारखं बोलू लागल्या. मला 'एग' म्हणताना तोंडात खडा आल्यासारखं व्हायचं. त्यांना काहीच वाटायचं नाही. वर्षभरात त्या माझ्या पुढे गेल्या आणि मी टेपरेकॉर्डरची बटणं दाबायला उरलो.

नव्वद सालच्या नाताळच्या सुट्टीत मायलेकी येणार असं कळलं. एकदाच येणं जमणार होतं, तेही आठ दिवस. कृष्णाबाईंनी कारीला सांगायच्या गोष्टींची यादी केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांत, वहीच्या एका पानावर सात गोष्टी. पाण्याला भ्यायचा. वासराला आपल्या ताटातलं घालायचा. पाचवी होती: गुरुजींनी मारलं.

"याला शब्द सांगा," त्या म्हणाल्या.

"कृष्णाबाई, आठ वर्षांच्या मुलीला हे कशाला? चांगलं सांगावं."

"परत कापता का?"

मी शब्द सांगितले. मास्तर म्हणजे 'लॅरार'. मारलं म्हणजे 'स्लू'. त्यांनी ते माझ्यासमोर तीनदा म्हटले, मी उच्चार तपासला. आयुष्यात एवढा नीट उच्चार तपासायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मायलेकी वाडीत आल्या त्या दिवशी मलाही बोलावणं होतं. इंगुनची इंग्रजी मला येते म्हणून अडीनडीला असावा, इतकंच. वाडीत पोचताच कृष्णाबाईंनी बजावलं, "आलात, बरं झालं. पन तोंड उगडायचं नाय."

दुपार कलली होती. वालाच्या शेतात पोपटीची, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायची, तयारी मांडली होती. नवं मडकं, भांबुर्ड्याचा पाला, शेंगांचा ढीग, मीठ, ओवा. गावच्या बायका लांब उभ्या राहून बघत होत्या. कारी आईच्या मागे लपली होती. केस काळेभोर, नाक पुंडलिकचं, डोळे मात्र निळे. कृष्णाबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि दोन वर्षं घोकलेलं पहिलं वाक्य म्हणाल्या.

पोरीने आईकडे पाहिलं.

त्यांनी परत म्हटलं, या खेपेला मोठ्याने. कारी आणखी मागे सरली. इंगुन समजावून सांगायला वाकली, तेवढ्यात कृष्णाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. या बाईने एवढं केलं आणि ते इथे, शेताच्या बांधावर, पोरीच्या भीतीपायी मातीत जाणार असं मला वाटलं.

कृष्णाबाईंनी तिच्याकडे बघणंच सोडून दिलं. त्या वळल्या, मडकं मांडीशी घेतलं, तळाला पाला घातला आणि मूठ-मूठ शेंगा भरू लागल्या. एक मूठ शेंगा, एक वाक्य. लावणीत जसं हाताबरोबर तोंड चालतं तसं. कोणाशी बोलतो आहोत याची जणू फिकीरच नाही. चार मुठी झाल्या आणि कारी आईमागून बाहेर आली. सहाव्या मुठीला तिने स्वतः शेंगा उचलून मडक्यात टाकल्या. मग तिने काहीतरी विचारलं. कृष्णाबाईंनी उत्तर दिलं. पोर खुदकन हसली आणि त्यांना अगदी चिकटून बसली. इंगुन माझ्याशेजारी उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मडकं भरलं, पालथं घातलं, भोवती पेंढा रचून पेटवला. दोघींचं चालूच होतं. मी दहा हातांवर बांधावर तोंड मिटून बसलो होतो. मला एखादाच शब्द कळत होता. पाणी. वासरू. भिणं. मग 'लॅरार' ऐकू आलं, आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

कारी उठली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"क्विफोर स्लू दू पाप्पा?"

तू पप्पाला का मारलंस? मला सबंध वाक्य कळलं. इंगुन पुढे आली होती. इंग्रजीत सांगण्यासारखं माझ्यापाशी पुष्कळ होतं. तो काळ तसा होता. सगळेच मास्तर मारत. तपासणी होती, शिस्त होती, त्याचं भलंच व्हावं ही इच्छा होती. ही वाक्यं माझी तयार होती, दोन वर्षं मी ती मनात घोळवत होतो. पण त्या पोरीने विचारलं होतं तिच्या भाषेत, आणि त्या भाषेत यांतलं एकही वाक्य मला येत नव्हतं. मला एक शब्द येत होता.

"उन्शुल," मी म्हणालो. माफ कर.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि पळत आजीकडे गेली. तिथे दोघींचं काही बोलणं झालं. मग कृष्णाबाई उठून माझ्यासमोर आल्या. हाताला पाल्याचा हिरवा रंग लागला होता.

"पोरगी सांगते ते खरं का? काय म्हनलात तिला?"

"उन्शुल म्हणालो."

"ते तिला झालं," कृष्णाबाई म्हणाल्या. "आता मराठीत बोला. मला."

वाडीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. मी उठून उभा राहिलो. छत्तीस वर्षं मुलांना मोठ्याने, स्पष्ट बोला म्हणून ओरडलो, आणि माझा स्वतःचा आवाज फुटायला दोनदा खाकरावं लागलं.

"मी चुकलो, कृष्णाबाई. पुंडलिक बरोबर बोलत होता. त्याला मारायला नको होतं."

त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, एकही शब्द खाली पडू न देता. मग कारीकडे वळून त्यांनी ते तिच्या भाषेत सांगितलं. मी बोललो होतो तेवढंच, काही न कापता.